दूध, सीताफळ आणि रवी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दुधात फळ कुस्करून घट्ट आणि गार पेय करायचं, याला आता आपण सर्रास ‘मिल्कशेक’ म्हणतो. शब्द इंग्रजी, ज्या यंत्रात तो होतो ते विलायती, आणि हॉटेलात तो मिळतो उंच काचेच्या ग्लासात, वर आइस्क्रीमचा गोळा ठेवून. तेव्हा हा पदार्थ कुठून तरी बाहेरून आपल्याकडे आला, अशी आपली समजूत होणं स्वाभाविक आहे. पण आश्विन महिन्यात धाराशिव जिल्ह्यातल्या, म्हणजे आपल्या जुन्या उस्मानाबादच्या, एखाद्या घरी जाऊन पाहा. नवरात्राचे उपास चालू असतात, दारात सीताफळांची पाटी उतरलेली असते, आणि घरातली बाई पातेल्यात दूध-सीताफळ कालवत असते. तिला कोणी शिकागोहून कृती पाठवलेली नसते.

मग हे पातेलं तिच्यापर्यंत आलं कसं? त्याचा शोध घ्यायचा तर दूध, फळ आणि घुसळण, या तिन्हींची वेगवेगळी गोष्ट सांगावी लागते. या तीन गोष्टींची वयं सारखी नाहीत आणि त्यांचे रस्तेही एक नाहीत.

सगळ्यात जुना धागा आपल्या शेजारीच सापडतो. उमरग्याहून गाडीने तासाभराच्या अंतरावर बसवकल्याण आहे. आज ते कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यात येतं, पण बाराव्या शतकात ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी होती आणि आपला हा सगळा मुलूख त्यांच्याच राज्यात होता. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने इ.स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसं करावं इथपासून हत्ती कसे पकडावेत, मासे कसे रांधावेत इथपर्यंत सगळं त्यात आहे. राजे लोक स्वयंपाकावर लिहीत, आणि तेही चवीने लिहीत, हे आपण विसरून गेलो आहोत. या ग्रंथातल्या ‘अन्नभोग’ प्रकरणात शिखरिणी येते. दही घ्यायचं, त्यात साखर घालायची, वस्त्रातून गाळायचं, वेलदोड्यासारखा सुवास द्यायचा. फळांच्या रसांची पानकंही त्या काळी राजाच्या पंगतीला असत. म्हणजे दाट, गोड, सुवासिक आणि गार असं दुधाचं काहीतरी आणि फळाचं पातळ काहीतरी, अशी दोन्ही पेयं या भागात नऊशे वर्षांपूर्वी होती. फक्त ती एका भांड्यात येत नव्हती.

‘शिखरिणी’ या शब्दाचंच पुढे मराठीत ‘शिकरण’ झालं. शिकरण म्हटलं की आपल्याला हटकून पु. ल. देशपांडे आठवतात आणि पुणेकरांच्या चैनीची थट्टा आठवते. पण गंमत शब्दात नाही, पदार्थात आहे. शिखरिणी दह्याची होती, शिकरण दुधाचं झालं. शिखरिणीत साखर आणि सुवास होता, शिकरणात केळं आलं. भावप्रकाशासारख्या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात ‘रसाला’ नावाने हाच दह्याचा प्रकार येतो आणि तो भीमाने केल्याची कथा सांगितलेली आहे. भीमाने केला म्हटल्यावर तो किती दाट असेल हे सांगायला नको! पण तिथेही दहीच. मधल्या काळात कधीतरी मराठी बायकांनी दही बाजूला ठेवलं, दूध घेतलं आणि त्यात पिकलं केळं कुस्करलं. हे कोणी, कुठे, कोणत्या साली केलं याची नोंद कोणत्या बखरीत असणार? बखरी लढायांच्या असतात.

हे साधं वाटतं, पण यात एक बंड आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराची यादी आहे. दुधाबरोबर काय खाऊ नये, हे तिथे नावानिशी सांगितलं आहे. त्यात आंबा आहे, फणस आहे, नारळ आहे, डाळिंब आणि आवळा आहे, आणि ‘मोच’ म्हणजे केळंही आहे. शिवाय जे जे आंबट ते सगळं दुधाला वर्ज्य. आजही कित्येक घरांत वडीलधारी माणसं ‘दुधात फळ घालू नये’ असं म्हणतात, त्याचं मूळ इथे आहे. तरीही शिकरण झालं, आमरसात दूध घालण्याची पद्धत पडली, आणि दोन्ही सणावाराच्या ताटात मानाने बसली. शास्त्र आणि स्वयंपाकघर यांचं आपल्याकडे नेहमी असंच चालत आलं आहे. शास्त्राला नमस्कार करायचा आणि वाटी पुढे करायची.

या निषेधामागे निरीक्षण मात्र नक्की होतं. दुधात केसीन नावाचं प्रथिन असतं. आंबटपणा वाढत गेला, सामू ४.६ च्या जवळ आला, की ते गोठतं आणि दूध फाटतं. म्हणून संत्र्याचा, मोसंबीचा किंवा आंबट द्राक्षांचा शेक फाटून जातो. अननसाची तऱ्हा आणखी निराळी. त्यात प्रथिनं तोडणारं ब्रोमेलेन नावाचं विकर असतं, त्यामुळे कच्चा अननस दुधात थोडा वेळ राहिला की पेय कडवट होतं. कच्च्या पपईच्या चिकातही असंच विकर असतं. याउलट केळं, चिकू, गोड पिकलेला आंबा आणि सीताफळ यांच्यात आंबटपणा फार थोडा. ही फळं दुधाशी भांडत नाहीत. आपल्या आज्यांना सामू ठाऊक नव्हता, पण कोणतं फळ दुधात घालायचं आणि कोणतं नाही, याची त्यांची यादी जवळजवळ अचूक होती. चरकांच्या यादीत नसलेलं आणि आज्यांच्या यादीत अगदी वर असलेलं एक फळ म्हणजे सीताफळ. ते चरकांच्या यादीत का नाही, याचं साधं कारण असं की बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते ते फळ तेव्हा या देशात नव्हतंच.

सीताफळाचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण भागात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते इकडे आलं असं मानलं जातं. याला एक फाटा आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्ववेत्त्याला भारहुतच्या स्तूपावरच्या कोरीव फळांत सीताफळ दिसलं होतं, आणि त्यावरून ते इथलंच प्राचीन फळ आहे असा वाद बराच रंगला. कोरीव दगडातलं फळ ओळखणं हे ढगातला हत्ती ओळखण्यासारखं असतं, असं माझं मत. पण लोकांनी तो वाद कधीच मिटवून टाकला होता. एका फळाला सीतेचं नाव दिलं, त्याच्या भावंडाला रामाचं दिलं, आणि विलायती पाहुणा वनवासाच्या कथेतला होऊन बसला.

हे फळ बालाघाटच्या डोंगरांवर इतकं का माजलं, याचं कारण मला फार आवडतं. आपला जिल्हा शेळ्यांचा. उस्मानाबादी शेळी ही जातच या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं तेच राहिलं. काळी, काटक, कमी पाण्यावर निभावणारी. ही शेळी डोंगरावर सोडली की बोरी-बाभळीपासून कोवळ्या लिंबापर्यंत काही शिल्लक ठेवत नाही. पण सीताफळाच्या पाल्याला ती तोंड लावत नाही. तो पाला कडू, उग्र वासाचा आणि विषारी अंशाचा असतो. म्हणून बाकीची झाडं खुरटत गेली तरी सीताफळाची झुडपं मुरमाड उतारावर, पाण्याविना, राखणीविना वाढत राहिली. येडशीच्या रामलिंग घाटापासून तिकडे बीड जिल्ह्यातल्या धारूरपर्यंत हीच कथा. धारूरचं सीताफळ तर नावाजलेलंच. अंबाजोगाईच्या सीताफळ संशोधन केंद्राने ‘धारूर-६’ हे वाणच काढलं, आणि बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या सीमेला लागून बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याने ‘एनएमके-१ गोल्डन’ हे कमी बियांचं, टिकाऊ वाण दिलं. ते आता बागांतून लागतं. पण डोंगरचं सीताफळ अजून डोंगरचंच आहे. ज्याने तोडलं त्याचं.

सीताफळाचा एक दोष आहे. फळाचे डोळे उघडले, खाचा पिवळसर झाल्या, की ते तोडायचं, तीन-चार दिवस अढीत घालायचं. पिकलं की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खाऊन टाकायचं. तिसऱ्या दिवशी ते काळं पडतं, फुटतं. म्हणजे पाटी घेऊन रस्त्याच्या कडेला बसलेल्या बाईला भाव धरून बसता येत नाही. संध्याकाळ झाली की येईल त्या किमतीला द्यावं लागतं, नाहीतर घरी न्यावं लागतं.

आता दूध. दुधाचंही अगदी हेच दुखणं.

भूम, परंडा, वाशी, कळंब हा पट्टा पावसाच्या भरवशाचा नाही. शेतीने दगा दिला की दुभतं जनावर हाच आधार. पण दूध काढून करायचं काय? मोठं शहर दूर. बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत गेली. वाटेत ती येडशीवरून जाई. पण त्या अरुंद रुळांच्या गाडीने उन्हाळ्यात दूध कुर्डुवाडीला न्यायचं म्हटलं तर पोचेपर्यंत त्याचं दही झालं असतं. मग लोकांनी दुधातलं पाणीच काढून टाकलं. भट्टी पेटवायची, लोखंडी कढईत दूध ओतायचं आणि उलथन्याने अखंड ढवळत राहायचं. म्हशीचं चार-पाच लिटर दूध आटलं की किलोभर खवा होतो, गाईचं असेल तर त्याहून जास्त लागतं. खवा पाटीत बसतो, एस. टी. च्या टपावर बसतो, दूरच्या बाजारात जातो. भूम तालुक्यातलं कुंथलगिरी हे जैनांचं सिद्धक्षेत्र. तिथला खवा आणि पेढा यात्रेकरूंच्या पिशव्यांतून गावोगाव गेला आणि नावारूपाला आला. २०२४ मध्ये कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी बातमी दिली, पण तो खवा मुळात अडचणीतून जन्मला आहे हे त्या बातमीत नव्हतं.

या व्यवहाराची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. पाच लिटर दूध कढईत गेलं म्हणजे पाच लिटर दूध घरातून गेलं. धार काढणारी बाई, कढई ढवळणारी बाई आणि चुलीजवळ खेळणारं पोर, यांच्या वाट्याला त्यातलं किती आलं? चहापुरतं. ज्या जिल्ह्याचा खवा महानगरांतल्या मिठाईत जातो, त्या जिल्ह्यात पेलाभर निव्वळ दूध पिणं ही पुष्कळ घरांत सणाची गोष्ट होती. १९७२ च्या दुष्काळात तर दावणीच रिकाम्या झाल्या. २०१३ आणि २०१६ मध्ये पुन्हा जनावरं चारा छावणीत नेऊन बांधावी लागली. म्हणून दुधात फळ घालून पिणं हे इथे रोजचं पेय कधीच नव्हतं. ते व्हायचं आश्विनात. त्याला तीन कारणं एकदम जुळून यायची. पावसाळ्यानंतर हिरवा चारा असे म्हणून दूध वाढलेलं असे. सीताफळ तेव्हाच उतरत असे. आणि नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर चालणाऱ्यांना आणि घरी घट बसवणाऱ्यांना उपासाला दूध-फळ चालत असे. पुढे कोजागिरीला दूध आटायचंच. जे सीताफळ संध्याकाळपर्यंत विकलं गेलं नाही आणि जे दूध त्या दिवशी भट्टीवर गेलं नाही, ते दोन्ही नाशिवंत जिन्नस एका पातेल्यात येत. शहराने खवा नेला, टिकणारं ते बाहेर गेलं. न टिकणारं घरात उरलं, आणि खरं सांगायचं तर चवीला तेच सरस होतं.

आता यंत्राची हकिगत, थोडक्यात. अमेरिकेत ‘मिल्कशेक’ हा शब्द १८८० च्या दशकात आला तेव्हा त्यात अंडं आणि व्हिस्की असे. मुलांना देण्याजोगा तो नंतर झाला. विस्कॉन्सिन राज्यातल्या रासीन या गावी हॉर्लिक बंधूंनी माल्ट घातलेल्या दुधाची भुकटी काढली, १८८३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. आपल्या आजारी माणसांच्या उशाशी असणारी बाटली ती हीच. त्याच रासीन गावच्या स्टीफन पोप्लॉस्की याने १९२२ मध्ये तळाशी फिरतं पातं असलेल्या भांड्याचं पेटंट मिळवलं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी शिकागोतल्या एका औषधाच्या दुकानात आयव्हर कूल्सन नावाच्या कामगाराने माल्टच्या दुधात आइस्क्रीमचे गोळे टाकले. तिथून तो दाट शेक जगभर गेला. आपल्याकडे पुण्याने त्याला मस्तानी केलं. पहिली मस्तानी कोणाची यावर पुण्यात एकमत नाही, आणि ते व्हावं अशी पुणेकरांची इच्छाही दिसत नाही. घरगुती मिक्सर आपल्या स्वयंपाकघरात रुळला तो ‘सुमीत’मुळे. सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरी जर्मन यंत्र भारतीय वाटणापुढे जळालं, तेव्हा त्यांनी डाळ-तांदूळ आणि ओलं खोबरं वाटू शकेल असं दणकट यंत्र घडवलं. १९६३ मध्ये कंपनी निघाली. गोदरेजने देशातला पहिला फ्रिज त्याच्या पाच वर्षं आधी, १९५८ मध्ये केला होता. मराठवाड्यातल्या खेड्यांत मात्र ही दोन्ही यंत्रं पुष्कळ उशिरा आली, आणि आली तरी वीज असेल तेव्हाच ती यंत्रं, एरवी कपाटं. २००५ च्या सुमारास बारा-बारा तासांचं भारनियमन असे, तेव्हा रवी पुन्हा खुंटीवरून खाली उतरली होती.

आणि सीताफळापुरतं बोलायचं तर ते बरंच झालं. कारण सीताफळाला मिक्सर मानवत नाही, निदान पहिल्या टप्प्यात तरी. त्याची बी कठीण असते आणि तिच्यात विषारी द्रव्यं असतात. ती अख्खी पोटात गेली तर बहुधा तशीच बाहेर पडते, पण पात्याखाली फुटली तर पेय कडू होतं आणि बाधतंही. रवीने बी फुटत नाही. म्हणून ही कृती मी रवीचीच सांगतो, अर्धा लिटर दुधाच्या अंदाजाने.

म्हशीचं दूध उकळून थंड करून ठेवायचं. फ्रिज नसेल तर पातेल्याला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्याला, माठाच्या शेजारी ठेवावं. तेरच्या गोरोबाकाकांच्या जिल्ह्यात मडक्यातल्या गारव्याचं महत्त्व मी काय सांगावं! दाटपणासाठी आइस्क्रीम लागत नाही. दूध कोमट असतानाच त्यात पन्नास ग्रॅम ताजा खवा मोडून, गुठळी न ठेवता विरघळवायचा आणि मग दूध गार करायचं. साय असेल तर तीही वाटीभर. चार मध्यम, पूर्ण पिकलेली सीताफळं फोडून गर चमच्याने काढायचा. सालीलगतचा रवाळ भाग खरवडू नये. गरात दोन-तीन चमचे गार दूध घालून तो रवीने हलक्या हाताने घुसळायचा. दोन मिनिटांत गर सुटतो आणि बिया मोकळ्या होतात. मग मोठ्या भोकांच्या चाळणीतून हाताने चोळून काढायचा. चाळणीवर नुसत्या काळ्या बिया राहिल्या पाहिजेत. एकदा सगळ्या बिया निघाल्या की पुढे मिक्सर फिरवायला हरकत नाही, पण दोन झटके पुरेत. फार फिरवलं की सीताफळाचा तो रवाळपणा जातो, आणि तो गेल्यावर सीताफळ आणि कस्टर्डची पूड यांत फरक काय?

साखर चाखून घालावी, बहुधा दोन चमचे पुरते. वेलदोडा घालू नये, तो या फळाचा वास मारतो. गर कधीही तापवायचा नाही. सीताफळ उष्णतेने कडू होतं, म्हणून सीताफळ रबडी करणारे आचारीसुद्धा रबडी पूर्ण गार झाल्यावरच गर घालतात. आणि केलेलं पेय ठेवायचं नाही. हवेने गर गुलाबीसर, मग तपकिरी होत जातो. हल्ली गर काढून उणे अठरा अंशांवर गोठवतात आणि तो शहरांत वर्षभर मिळतो. त्या गराचा शेकही चांगला होतो. घरच्या पातेल्याला मात्र अर्ध्या तासाची मुदत आहे.

चाळणीवरच्या बिया लगेच गोळा करून टाकाव्यात. खेड्यात त्यांची पूड उवांवर लावतात, पण ती डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, तेव्हा मुलांच्या केसांना ती लावू नये. बिया परसात पुरायच्या असतील तर खुशाल पुराव्यात. शेळ्या रोपाला त्रास देणार नाहीत.